अक्काच्या गाडीची उंची

त्या दिवसांत मला एक वाईट खोड लागली होती. समोरचा माणूस अडचण सांगायला लागला, की ती पुरती ऐकून घेण्याआधीच माझ्याकडे उत्तर तयार असायचं. दोष सगळा माझा नव्हता. लातुरात क्लासेसचं पीक तेव्हा जोमात आलं होतं. हिमायतनगरपासून जळकोटपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरायची, एकेका खोलीत चार-चार खाटा टाकून राहायची, आणि पहाटे साडेपाचला माझ्यासमोर वह्या उघडून बसायची. मी भौतिकशास्त्र शिकवायचो. त्यातही स्प्रिंगचं प्रकरण म्हणजे माझा हातखंडा. पोरं माझ्यामागे मला 'स्प्रिंगवाले सर' म्हणायची. ते मला माहीत होतं आणि आवडतही होतं. आपण बोलावं आणि हॉलभर माना हलाव्यात, असं रोज घडायला लागलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सरकारी नर्स होती. औसा-निलंग्याच्या पट्ट्यातल्या एका गावात तिचं उपकेंद्र होतं आणि जवळची आणखी दोन गावं तिच्याकडे होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एसटीत कंडक्टर. त्यांचा डेपो नांदेडला, त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस ते तिकडेच. घरात अक्का, तिची सासू आणि दाजींची मोटारसायकल. मोटारसायकल आठवडाभर चादर पांघरून पडवीत उभी असायची.

भूकंप झाला तेव्हा अक्का त्याच गावात होती. माळवदाची भिंत तिच्या डाव्या पायावर आली. सात महिने ती दवाखान्यात पडून होती. पाय वाचला, पण हाड जुळताना दोन बोटं आखूड जुळलं. मी तेव्हा नांदेडला शिकत होतो. बातमी कळून तिच्यापर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले आणि पोचल्यावर तिच्या उशाशी बसण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. ती बोच माझ्या मनात कायम राहिली. पुढे मी जो शहाणपणा केला त्याच्या मुळाशी हीच बोच होती, असं आता वाटतं.

गाव उठून नव्या जागी वसलं. जुनं गाव मुठीत मावेल एवढं होतं. एका ओट्यावरून हाक मारली की चार घरं ओ द्यायची. नवं गाव आखीव, रस्ते ऐसपैस, आणि घराघरांत एवढं अंतर की विस्तव मागायला जायचं तर वाटेत विझून जावा. धडधाकट माणसाला ते बरंच होतं. लंगडत चालणाऱ्या नर्सला मात्र सकाळी निघून दुपारपर्यंत एक गाव पुरं होईना. एसटी यायची तेव्हा यायची. मोपेड घे, असं सगळे सांगत. पण तिकडच्या काळ्या रानात जरा चिखल झाला की मोपेडची बारकी चाकं भरून जागच्या जागी थांबतात. शेवटी अक्कानं दाजींना सांगितलं, ही उभी आहे ती मला शिकवा. दाजींनी नव्या गावाच्या रिकाम्या प्लॉटांवर तिला दोन रविवार शिकवलं. तिसऱ्या रविवारी ती त्यांना मागे बसवून औशाच्या बाजाराला घेऊन गेली.

चालवायची ती झकास. पंचाईत व्हायची थांबताना. मोटारसायकल थांबवताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो आणि टेकतो तो डावा. अक्काचा नेमका डावाच आखूड. त्यात ती मुळात बुटकी. गाडी थांबली की डावा पाय हवेत लोंबकळायचा आणि गाडी त्या अंगाला कलंडायची. दवाखान्यानं तिला जाड तळव्याचा बूट दिला होता, पण तो गिअरच्या खटक्याखाली मावत नसे. मग तिनं आपली युक्ती काढली. ती फक्त दगडापाशी थांबायची. मैलाचा दगड, देवळाची पायरी, हापशाचा कट्टा, जे उंच मिळेल त्याच्या कडेला गाडी आणायची आणि त्यावर डावा पाय ठेवायचा. तशाच ठेवलेल्या पायावर भार देऊन उतरायचं आणि गाडी डबल स्टँडला लावायची.

हे लोकांच्या ध्यानात आलं. भूकंपानंतर तिकडच्या माणसांनी दगडाची धास्तीच घेतली होती. घराच्या भिंतीत दगड नको म्हणून लोक पत्र्याच्या खोलीत उकडून घेत, पण दगडाखाली झोपत नसत. त्याच माणसांनी जुन्या गावातून घडीव चिरे बैलगाडीत घालून आणले आणि दारापुढे मांडले. कशाला, तर सिस्टरबाईला पाय टेकायला. ज्या घरी सून पोटुशी असेल त्या घरचा माणूस आधी चिरा आणायचा. हळूहळू असं झालं, की कुणाच्या दारात नवा चिरा दिसला की शेजारणी आपसात हसायच्या. बातमी तोंडानं सांगायची गरज उरली नाही.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका रविवारी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती मला मागे बसवून शेजारच्या गावात घेऊन गेली. तिथं एका घरी बाळंतीण आलेली होती, पण दारात चिरा नव्हता. घर नवं, माणसं नवी. अक्कानं वेग कमी करून मला चालत्या गाडीवरून उतरवलं आणि स्वतः त्या घराला गाडीवरून गोल चकरा मारायला लागली. पहिल्या चकरेला विचारलं, ताप आहे का? दुसऱ्या चकरेला बाळंतीण दारात आली आणि नाही म्हणाली. तिसऱ्या चकरेला विचारलं, दूध नीट ओढतंय का? बाळंतिणीची आई पदर खोचून गाडीबरोबर पळत उत्तरं देत होती. कोंबड्या उडत होत्या. अखेर एका म्हाताऱ्यानं उखळ लोटत आणलं, त्यावर पाय ठेवून अक्का उतरली आणि काहीच न झाल्यासारखी पिशवी उघडून आत गेली. मी बाहेर उभा राहून इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. नंतर ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. सात महिने पडून राहिलेली बाई उभी राहिली होती, आणि तिला थांबायला गावभर दगड शोधावे लागत होते.

तेव्हाच मी ठरवलं की गाडीची मागची उंची कमी करायची. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असतात, म्हणजे स्प्रिंगाच. माझाच विषय. आता मी गप्प कसा बसणार?

पहिला प्रयोग मी पडवीतच केला. शॉकअपच्या खालच्या अंगाला एक खाचांची कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग कमी-जास्त दाबली जाते. खाचा पाच होत्या. दाजी मागे गोणी घेऊन फिरत, म्हणून कडी चौथीवर होती. मी पेचकस आणि हातोडीनं ठोकठोक करून दोन्हीकडची कडी पहिल्या खाचेवर आणली. अक्काची सासू म्हणाली, गाडीचे हाल बघवत नाहीत. अक्का बसली, गाडी अर्धं बोट खाली गेली. ती एवढी हलकी की स्प्रिंगला तिची दखलच नव्हती.

"झालं का?" अक्कानं विचारलं.

झालं नव्हतं. कडी परत चौथ्या खाचेवर ठोकून मी पुढचं पाऊल उचललं. अक्काला खाटेवर बसवून टेपनं पाय मोजला, गाडीची सीट मोजली, वजाबाकी केली, आणि निष्कर्ष काढला की दोन इंच आखूड शॉकअप हवेत. दाजींना निरोप दिला. त्यांनी नांदेडच्या जुन्या बाजारातून एका लहान गाडीचे शॉकअप शोधले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ड्यूटीवर आपल्या सीटखाली ठेवून अहमदपूरमार्गे लातूरला आणून माझ्या हातात दिले. पुढच्या रविवारी मी ते बसवले. चार नटांचं काम. गाडी मागून बसलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली, पण अक्काच्या डाव्या पायाची बोटं जमिनीला लागली. तिनं बोटं मातीत हलवून पाहिली. मी सोमवारी पहाटेच्या बॅचला हे उदाहरण म्हणून सांगितलं, नाव न घेता. माना हलल्या.

बुधवारी दुपारी क्लासच्या ऑफिसात फोन आला. अक्काची गाडी पडली होती, पण ती गाडीवर नव्हती. उपकेंद्रासमोर गाडी लावून ती आत रजिस्टर आणायला गेली, आणि मागे गाडी आपोआप उजव्या अंगाला आडवी झाली. कॅरिअरवर लसीचा डबा बांधलेला होता. झाकण उडालं, बर्फाच्या पिशव्या फुटल्या, कुप्या उन्हात पडल्या. लसीकरणाचा वार होता. बायका कामावर खाडा करून पोरं घेऊन बसल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या.

मी बस पकडून संध्याकाळी पोचलो. गाडी पुन्हा साइड स्टँडवर उभी केलेली होती. मी तिच्याकडे एकदा पाहिलं. गाडी सरळ उभी होती, परेडला उभ्या शिपायासारखी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे रेलून उभी राहायला हवी. मी मागची बाजू दोन इंच खाली आणली आणि स्टँड होता तेवढाच ठेवला. म्हणजे टेकू लांब झाला आणि गाडी रेलायची थांबली. वाऱ्याची झुळूक आली तरी ती दुसरीकडे पडणार. वर आणखी एक. गाडी खाली आल्यामुळे डबल स्टँडला ती पूर्वीपेक्षा जास्त उचलावी लागत होती, ते अक्काला जमेना, म्हणून ती तीन दिवस साइड स्टँड वापरत होती. दोन्ही गोष्टी माझ्या. 'आकृती काढल्याशिवाय गणिताला हात घालू नका' असं मी रोज फळ्यावर ठोकून सांगायचो, आणि स्वतः आकृती काढली नव्हती. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अक्का ओसरीवर बसली होती आणि तिच्यासमोर कोरा कागद होता. मोठ्या दवाखान्याचे साहेब येऊन गेले होते. ते रागावले नव्हते, उलट नको इतके गोड बोलले होते. म्हणाले, पायाची अडचण आहे, फिरतीचं काम तुम्हाला झेपायचं नाही. तालुक्याला बसून करायचं काम आहे, नोंदी ठेवायचं, अर्ज द्या, मी वर पाठवतो. सोमवारपर्यंत.

"मी नीट लावली होती रे," अक्का म्हणाली. "का न्हवती लावली, कुणाला ठावं. लावताना या पायावर भार येतो. हा कवा लटपटतो, आता मलाच कळून न्हाई राहिलं."

मी म्हणालो, होतं असं कधी कधी. एवढंच म्हणालो. एवढ्या पोरांसमोर तास तास न अडखळता बोलणाऱ्या माणसाला 'चूक माझी आहे' हे तीन शब्द सुचले नाहीत. खरं सांगायचं तर सुचले, पण तोंडाबाहेर काढायची लाज वाटली. स्प्रिंगवाल्या सरांना स्टँड कळला नाही, हे कसं सांगायचं? उद्या सांगू, असं म्हणून मी परतीची बस धरली.

दोन दिवस मी शिकवलं ते कसं शिकवलं, मला आठवत नाही. अक्का गाडीला हात लावत नव्हती. पायी फिरत होती, आणि पायीही भिंतीला धरून चालायला लागली होती, असं तिच्या सासूनं फोनवर सांगितलं. भूकंपानंतर जो पाय तिनं महिनोन्‌महिने माळावर चालून चालून पुन्हा आपलासा केला होता, त्याच्यावरचा तिचा विश्वास माझ्या गप्प बसण्यानं उडाला होता. अर्ज लिहून झाला होता. मी शनिवारी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं, गाडी लातूरला एका उस्तादला दाखवू. ती नको म्हणाली. मग म्हणाली, चल, निदान दाजींसाठी तरी नीट करून ठेवू. मी गाडी चालवली, ती मागे बसली. जुने शॉकअप पोत्यात घालून बरोबर घेतले; लसीचा रिकामा डबा कॅरिअरवर तसाच बांधलेला होता. सबंध रस्ताभर मी सांगायचं ठरवत होतो आणि समोरून ट्रक आला की पुढे ढकलत होतो.

उस्तादचं गॅरेज गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होतं. पिकलेली दाढी, कपाळावर चष्मा, आणि हातात काम असताना बोलायचं नाही असा बाणा. त्यांचे वडीलही गाड्याच दुरुस्त करत, निजामाच्या वेळच्या. त्यांनी गाडी साइड स्टँडवर लावायला सांगितली, दोन पावलं मागे गेले आणि एका बोटानं सीटला हात लावला. गाडी उजवीकडे जायला लागली, तशी त्यांनी दुसऱ्या हातानं धरली.

"हे शॉकअप कुनी बशिवले?"

मी तोंड उघडलं. नांदेडच्या एका मेकॅनिकनं, असं वाक्य जिभेवर तयार होतं. खोड जुनी, उत्तर लगेच येतं. पण अक्का गाडीकडे पाहत होती. उस्तादच्या एका बोटानं गाडी कशी गेली, ते तिनं पाहिलं होतं.

"मीच बसवले, उस्ताद."

"शॉकअप आखूड केले, मग स्टँड कुनी आखूड करायचं?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "अशी गाडी पैलवानानं लावली तरी पडंल. लावनाराचा कसूर न्हाई ह्यात."

अक्का माझ्याकडे वळली.

"तुला कवा कळलं हे?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी आलो तेव्हा."

गॅरेजमधे कुणीतरी पाना खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. मला वाटलं आता ती सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढणार. लहानपणी तिच्या हातचा मार मी खाल्लेला आहे. पण ती गाडीच्या सीटवर हात ठेवून तशीच उभी राहिली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजे मी न्हाई पाडली."

"नाही, अक्का."

"पाय न्हवता लटपटला."

"नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. घाम होता का आणखी काही, मी पाहिलं नाही. माझी मान वर होत नव्हती. मग तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत.

"पायाचं उणं दोन बोटांचं होतं रे," ती म्हणाली. "तू तीन दिसांत हातभर करून ठिवलास."

मला रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. तीन दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरणारा माणूस धपाटा खाऊन हलका होतो, हे कुठल्या पुस्तकात नाही. उस्तादनी तोवर दुसरीकडे बघत चहा सांगितला.

चहा झाल्यावर ते कामाला लागले, आणि मी पहिल्यांदाच कुणाचं काम तोंड मिटून बघितलं. आखूड शॉकअप काढून त्यांनी माझ्या हातात दिले आणि जुने परत बसवले. म्हणजे गाडी होती तेवढी उंच झाली. मला वाटलं, आता काय उपयोग? पण ते अक्काला म्हणाले, बसा, सिस्टरबाई. रोजच्या चपला घालून, रोजची पिशवी खांद्याला लावून, डबा मागं बांधून. सगळं रोजच्यासारखं. मी तिला खाटेवर रिकामी बसवून मोजली होती.

अक्का बसली. गॅरेजमधल्या दोन पोरांनी गाडी धरली. डाव्या पायाखालचं अंतर मोजायला उस्तादनी टेप मागितला नाही. माझ्या झोळीत क्लासच्या झेरॉक्स नोट्सचे गठ्ठे होते. ते त्यांनी एकेक करून अक्काच्या पायाखाली सारले. गती, बल, कार्य, मग स्प्रिंग. स्प्रिंगचा गठ्ठा गेला तेव्हा तिचा चवडा टेकला. त्यांनी चपलेच्या कडेनं खडूची रेघ मारली आणि म्हणाले, "आता मांडी बघा."

मी पाहिलं. सीट पुढच्या बाजूलाही पाटासारखी रुंद होती. त्यावर बसताना अक्काच्या मांड्या फाकत आणि पाय सरळ खाली न जाता तिरका बाहेर जात होता. पाय दोन बोटं आखूड होता, पण सीट त्याला आणखी दोन-तीन बोटं आखूड करत होती. खाटेच्या कडेवर पाय सरळ लोंबतो, म्हणून माझ्या टेपला ते दिसलं नव्हतं. उस्तादनी सीट काढली, कव्हर उसवलं, आणि करवतीच्या पात्यानं पुढचा फोम दोन्ही अंगांनी कापत गेले. डावीकडून जरा जास्त. थोडा कापायचा, सीट ठेवायची, अक्काला बसवायचं, एक गठ्ठा काढायचा. पुन्हा थोडा. असं तीन वेळा केलं. शेवटी पायाखाली फक्त एक गठ्ठा उरला. तो फोमनं जाईना, कारण आणखी कापलं तर पत्रा टोचला असता.

"आता खाचा," उस्ताद म्हणाले. त्यांच्याकडे हुकाचा लांब पाना होता. कडी एका हिसड्यात फिरायची, हातोडीचं कामच नाही. त्यांनी ती पहिल्या खाचेवर आणली. डब्यासकट बसलेल्या अक्काचा चवडा जमिनीला लागला. ते म्हणाले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. ती गेली आणि आली. मागे डबा दाणदाण आपटतो, असं तिनं सांगितलं. ढेकळाच्या रस्त्यावर कुप्या टिकायच्या नाहीत. मग दुसरी खाच. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसरी. तिसऱ्याला डबा शांत, पण पायाच्या नुसत्या बोटांची टोकं लागत होती. मी सवयीनं काहीतरी सांगायला गेलो तर उस्तादनी पाना आडवा धरला.

"कितवी खाच, ते बाई सांगतीन. पाय तेंचा, डबा तेंचा."

अक्कानं दुसरी सांगितली. दुसरी खाच झाली. मग उस्तादनी गाडी साइड स्टँडवर लावली. ती डावीकडे छान रेलून उभी राहिली. डबल स्टँडलाही अक्कानं ती स्वतः चढवली, पूर्वीसारखी, एका दमात. मी केलेलं सगळं त्यांनी उलटं फिरवलं होतं. गाडी परत वर गेली होती आणि पाय खाली आला होता.

अर्जाचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. सोमवारी मी पहाटेची बॅच दुसऱ्या सरांवर सोपवली आणि अक्काबरोबर साहेबांकडे गेलो. गाडी का पडली ते त्यांना सांगितलं, माझ्या तोंडानं, स्टँडची आकृती काढून. त्यांनी अक्काला पटांगणात चार वेळा गाडी थांबवायला लावली. मग म्हणाले, बरं, राहू द्या. अर्ज तिच्या पिशवीतून बाहेरच निघाला नाही. पुढे आठ वर्षं तिनं तीच तीन गावं केली.

पण मला धरून राहिली आहे ती शनिवारची परतीची वाट. गॅरेजमधून निघताना उस्तादनी किल्ली माझ्या हातात न देता अक्काच्या हातात दिली. मी मागे बसलो, मांडीवर आखूड शॉकअपचं पोतं घेऊन. औसा मागे पडलं, उन्हं उतरली, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. एका लांब सरळ पट्ट्यावर, जिथं ना गाव, ना हापसा, ना झाड, तिनं वेग कमी केला आणि भर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. डावा पाय खाली ठेवला. गाडी हलली नाही. मी मागे बसलेलो होतो त्या वजनानं तिचं पाऊल टाचेपर्यंत टेकलं होतं.

मला वाटलं काही बिघडलं. मी विचारलं, "काय झालं? का थांबलीस?"

ती समोर बघत होती.

"उगंच," ती म्हणाली.

मी उतरलो नाही. ती जेवढा वेळ थांबली तेवढा वेळ मी तिच्यामागे बसून राहिलो.